तटाच्या आतला बातमीदार



युद्धाचा बातमीदार म्हटले की कुणी तरी साहेब डोळ्यांपुढे उभा राहतो. तो आघाडीवरून बातम्या धाडतो, परतल्यावर पुस्तक लिहितो, आणि आताच्या काळात माहितीपटही काढतो. या व्यवसायाच्या आद्य पुरुषांत विल्यम हॉवर्ड रसेल याची गणना होते. लंडनच्या 'टाइम्स'ने त्याला १८५४ साली क्रिमियाच्या युद्धावर धाडले. तेथील शिपाई शत्रूच्या गोळीपेक्षा रोगराईनेच अधिक मरत होते. ते रसेलने लिहिले आणि विलायतेत मोठी खळबळ उडाली. १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ पडले, तेव्हा तो इंग्रज सरसेनापतीच्या छावणीत होता. आपल्याच लोकांच्या क्रौर्यावर टीका करण्याचे धैर्य त्याने दाखविले, हे मान्य केलेच पाहिजे. तरी त्याची राहुटी तटाबाहेर होती.

त्याच मार्चमध्ये झाशीच्या तटाच्या आत आपला एक माणूस होता. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे. घरावर कर्ज, उत्तरेत मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, या आशेने हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. वेढा, तोफा, शहर पडल्यावरची कत्तल आणि लूट हे सारे त्याने पाहिले. जवळची पुंजी गेली. अखेर घरी आणली ती आईवडिलांसाठी गंगेची कावड!

या माणसाला कुणी बातमीदार नेमले नव्हते. त्याने १८८३ च्या सुमारास, म्हणजे पंचवीस वर्षांनी, सारे लिहून काढले. इंग्रजांचे राज्य होते; म्हणून चिंतामणराव वैद्यांनी ते 'माझा प्रवास' या नावाने छापले ते लेखक गेल्यावर, १९०७ साली, आणि तेही काटछाट करून. मूळ लिखाण दत्तो वामन पोतदारांनी प्रकाशात आणले ते १९६६ साली. गोडसे भटजींच्या तारखा कोठे चुकतात, ऐकीव गोष्टीही त्यांत येतात. पण हरलेल्या गावात पाण्याचे हाल कसे होतात, प्रेतांची वाट कशी लागते, हे छावणीतल्या माणसाला कोठून दिसणार?

कोणी म्हणेल, आता कॅमेरा आहे, तो खोटे बोलत नाही. श्रोतेहो, त्याच १८५८ साली फेलिस बिआतो याने लखनौच्या सिकंदरबागेचे छायाचित्र घेतले. अंगणात हाडे विखुरलेली दिसतात. ती चित्रासाठी मुद्दाम मांडली होती, असे जाणकार सांगतात. तेव्हा लेखणी असो की कॅमेरा, तो धरणारा कोठे उभा आहे आणि काय वगळतो आहे, हे आधी विचारावे.

हे मी बीडच्या लोकांपुढे का सांगतो? कारण हा जिल्हाही तटाच्या आतच होता. रझाकारांचे दिवस येथल्या गावांनी सोसले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. मुक्तीचा तो आनंद खराच. पण त्यानंतर मराठवाड्यात कित्येक निरपराध मुसलमान शेजाऱ्यांनाही प्राणास मुकावे लागले, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी ज्याच्या वहीत येतील तोच खरा बातमीदार.

त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीच्या उंबरठ्याशी आहे. गोडसे भटजींनी पंचवीस वर्षे वाट पाहिली. आपल्याला तेवढी सवड उरलेली नाही. म्हणून तरुणांना माझे एवढेच मागणे आहे. आज घरी गेल्यावर आजोबांजवळ, आजीजवळ बसा. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहेच. विचारा, ऐका, मध्ये बोलू नका. आणि जे ऐकायला बरे वाटणार नाही, ते आधी लिहून घ्या.