‘जब वी मेट’मधली गीत : लाघवी की आपमतलबी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखाद्या सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी चिटणीसबाईंना म्हटले, “मला भाषण कसले येते? मला भांडण येते.” त्या म्हणाल्या, “मग तेच करा. भिशीच्या दिवशी त्या गीतवरून जे भांडलात, तेच उभे राहून बोला.” तेव्हा आज मी भांडायलाच उभी आहे. चूकभूल आपण पोटात घालालच.

भांडण असे. ‘जब वी मेट’ हा इम्तियाज अली यांचा चित्रपट 2007 च्या ऑक्टोबरात लागला. तेव्हापासून टीव्हीवर तो इतक्या वेळा लागला आहे की आपल्यापैकी बहुतेकींनी तो कणीक मळता मळता तुकड्यातुकड्यांनी पाहिलेला असेल. त्यात करीना कपूरने गीत धिल्लन नावाची पंजाबी मुलगी केली आहे. त्या कामाला तिला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. त्यातल्या एका गाण्यासाठी गायिका श्रेया घोषाल आणि नृत्य बसवणाऱ्या सरोज खान, दोघींनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे चित्रपट चांगला यात वाद नाही. वाद मुलीबद्दल आहे. आमच्यातल्या निम्म्या जणी म्हणाल्या, “किती गोड पोर!” उरलेल्या म्हणाल्या, “गोड कसली? एक नंबरची आपमतलबी! आपली मुलगी अशी निघाली तर कळेल.”

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. आदित्य (शाहीद कपूर) हा मुंबईतला मोठ्या धंद्याचा मालक. वडील गेलेले, आई घर सोडून गेलेली, धंदा बुडीत, आणि जिच्यावर जीव तिचे लग्न दुसऱ्याशी. तो विमनस्क होऊन तिकिटावाचून कुठल्याशा गाडीत बसतो. त्याच गाडीत ही गीत येते. मुंबईत शिकणारी, भटिंड्याला घरी निघालेली, आणि तोंडाला क्षणाचीही विश्रांती नसलेली. तो मध्येच एका स्टेशनावर उतरतो. त्याला परत आणायला ही खाली उतरते आणि गाडी सुटते. सामान गाडीत, ही फलाटावर. पुढे रतलामपर्यंत धावपळ करूनही गाडी हाती लागत नाही. शेवटी दोघे मिळून भटिंडा गाठतात. घरी मोठे गोकुळ. आजोबा, काका, आई, बहीण सगळे. (आजोबांचे काम दारासिंगांनी केले आहे. ते 2012 साली वारले.) घरच्यांनी तिचे लग्न मनजीत नावाच्या मुलाशी करायचे मनात धरलेले, आणि तिचे मन मनालीच्या अंशुमनवर. ती रात्री घरातून पळते. सोबत आदित्य. घरचे समजतात, त्यानेच मुलगी पळवली. मनालीला तिला सोडून तो मुंबईला परततो आणि नव्या उमेदीने धंदा सावरतो. नऊ महिन्यांनी काका त्याच्यापुढे उभे राहतात : “आमची मुलगी कुठे आहे?” तेव्हा त्याला कळते की ती घरी गेलेलीच नाही. अंशुमनने तिला नाकारले होते. ती सिमल्याला एका शाळेत शिकवत होती, गप्प आणि विझलेली. पुढे काय होते ते सांगत नाही, पण शेवट गोड आहे.

आता आधी तिच्याविरुद्धची बाजू मांडते. कारण ती खोटी नाही.

पहिली गोष्ट, स्वतःच स्वतःची सर्वांत लाडकी आहे असे ती सरळ सांगते. आपल्याकडे असे बोलणाऱ्या मुलीला आजी काय म्हणाली असती ते आपण जाणतोच. दुसरी, एका दुःखात असलेल्या परक्या माणसाला ती आपल्या कामाला जुंपते. त्याला घरी नेते, आणि तिच्या पळण्याचा ठपका त्याच्यावर येणार याचा विचार करीत नाही. तिसरी, अंशुमन लग्नाला तयार आहे की नाही याची खात्री न करता ती सगळे सोडून जाते. चौथी गोष्ट सर्वांत मोठी. नऊ महिने घरी एक निरोप नाही. नऊ महिने, भगिनींनो! त्या घरातली आई रोज संध्याकाळी दिवा लावताना काय म्हणत असेल, हे कॅमेऱ्याने दाखवले नाही. आपण मात्र ते पाहिल्यावाचून राहत नाही.

आता दुसरी बाजू. तिची गाडी चुकली ती कशामुळे? पोरीने ज्याचे नावही धड माहीत नाही अशा माणसासाठी चालती गाडी सोडली. आपमतलबी माणूस आधी आपली पेटी सांभाळतो. आदित्यला त्याच्या आईचा राग होता. ती दुसऱ्या माणसासाठी घर सोडून गेली म्हणून. गीतने त्याला त्या आईकडे एक प्रेमात पडलेली बाई म्हणून पाहायला लावले, आणि पुढे त्या मायलेकरांचे जमले. यात तिचा स्वतःचा काय फायदा होता? रतलामला स्टेशनमास्तर तिला उपदेश करतात की एकटी मुलगी म्हणजे उघडी तिजोरी. ती ऐकून घेत नाही. भीती तिलाही वाटते, नाही असे नाही. पण आपण तिजोरी आहोत हे तिला मान्य नाही. आपण माणूस आहोत एवढेच तिचे म्हणणे.

कुणी म्हणेल, घरातून पळून जाणारी मुलगी ही हल्लीच्या चित्रपटांची शिकवण. पण तसे नाही. 1956 साली नर्गिस आणि राज कपूर यांचा ‘चोरी चोरी’ आला. त्यातही श्रीमंताची मुलगी एकासाठी घर सोडते आणि वाटेत दुसराच भेटतो. तीच गोष्ट 1991 च्या ‘दिल है के मानता नहीं’मध्ये. आणि या दोन्हींचे मूळ 1934 चा एक अमेरिकन चित्रपट. म्हणजे ही पळणारी नायिका आपल्या आज्यांच्या काळापासून पळतेच आहे, आणि लोक तिच्यावर लोभ करीतच आहेत.

त्याहूनही मागे जाऊ या. आपल्याकडे मुलीचे लग्न जमेना की वडीलधाऱ्या बायका काय सांगतात? एकनाथ महाराजांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ वाचायला बसव. आता त्यात आहे काय? भावाने रुक्मीने शिशुपाल ठरवला, आणि रुक्मिणीने ब्राह्मणाहाती पत्र धाडून कृष्णाला सांगितले, मला घेऊन जा. घरच्यांनी ठरवलेले लग्न मोडून मनातल्या पुरुषाबरोबर रथात बसून गेलेल्या मुलीची कथा आपण पाटावर ठेवून, हळदकुंकू वाहून वाचतो. रुक्मिणीला कुणी आपमतलबी म्हटलेले मी तरी ऐकले नाही. एक फरक मात्र मी मान्य करते. रुक्मिणीने आधी विचारले आणि मग ती निघाली. गीत आधी निघाली. म्हणून मी माझ्या मुलीला सांगते, “बाई, मन धावू दे, पण पत्र आधी पाठव.”

आता थोडे स्वतःचे बोलते. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. आठवीसाठी पाच किलोमीटरवरच्या गावी जावे लागे. भाऊ सायकलने गेले. मी घरी राहिले. मी रडले नाही, हट्ट धरला नाही. सगळे म्हणाले, “पोर मोठी गुणाची.” तो ‘गुणाची’ शब्द मला त्या वेळी फार गोड लागला. आता विचार करते, त्या शब्दाचा अर्थ काय होता? जिला काही नको, ती गुणाची. जिने काही मागितले, ती हट्टी. जिने घेतले, ती आपमतलबी. भावांनाही शिकायचेच होते. त्यांना मात्र कुणी आपमतलबी म्हटले नाही. त्यांना हुशार म्हटले. मी भावांना दोष देत नाही. ते मला आजही जीव लावतात. मी फक्त शब्दांचा हिशेब मांडते आहे.

त्या भिशीच्या दिवशी मी एक गंमत केली. वाद रंगात आला तेव्हा प्रत्येकीला विचारले, “तुमची आवडती भाजी कोणती?” एक म्हणाली, “आमच्याकडे भरली वांगी फार आवडतात.” दुसरी म्हणाली, “मुलांना बटाटा लागतो.” तिसरी म्हणाली, “ह्यांना कारले चालत नाही.” मी म्हटले, अहो, तुमची विचारली! तर बऱ्याच जणी विचारात पडल्या. एक वहिनी तर हसता हसता गप्प झाल्या. तेव्हा मला वाटले, गीत स्वतःची लाडकी आहे म्हणते याचा आपल्याला जो राग येतो, त्यात थोडा हेवाही मिसळलेला असावा.

पण म्हणून मी त्या नऊ महिन्यांवर पांघरूण घालणार नाही. माझ्या माहेरच्या आळीतली एक मुलगी अशीच गेली होती. तिची आई दोन वर्षे रात्री दाराला आतून कडी लावीत नसे. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की हातातले काम टाकून ओट्यावर येई. तिकडे मुलीचे जमले नाही. ती कुठेशी शिवणकाम करून पोट भरत होती. दोन वर्षांनी कुणा नातलगाला ती दिसली आणि घरी आली. तेव्हा ती म्हणाली, “मला वाटले, तुम्ही घरात घेणार नाही.” आई म्हणाली, “मला वाटले, तुला आम्ही नकोच आहोत.” दोघींना जे वाटले ते दोन्ही खोटे होते, आणि त्या खोट्यापायी दोन वर्षे गेली.

म्हणून मी गीतचा निवाडा असा करते. तिचे जाणे हा उतावळेपणा होता, पण तो स्वार्थ नव्हता. तिचे गप्प राहणे घरच्यांना फार महाग पडले, पण तोही स्वार्थ नव्हता. ती लाज होती. खरी आपमतलबी असती तर अंशुमनने नाकारल्यावर दुसऱ्या दिवशी भटिंड्याला येऊन, सारा दोष आदित्यवर टाकून, आईच्या हातचे पराठे खात बसली असती. घरचे तसे मानायला तयारच होते! तिने तसे केले नाही. आपल्या हरण्याचा भार तिने एकटीने उचलला आणि शाळेत शिकवून स्वतःची भाकरी कमावली. आणि जिला अख्खी गाडीभर माणसे कमी पडत, तीच गप्प झाली. जी आधी स्वतःची लाडकी होती, ती स्वतःला नकोशी झाली. भगिनींनो, तेव्हा तरी ती कुणाच्या कामाची उरली का? आदित्यला हसवणारी गीत आणि सिमल्याची गीत यांत कोणती घराला हवी? स्वतः स्वतःला आवडणे आणि फक्त स्वतःचेच पाहणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली नसेल तर दुसऱ्याला द्यायलाही पदरी काही उरत नाही.

एक खूण आणखी सांगते. आपमतलबी माणूस पडला तर त्याला शोधायला कोणी जात नाही. गीतला शोधायला आदित्य गेला. तिने त्याला एकदा पायावर उभे केले होते, त्याची त्याने परतफेड केली. ज्या अंशुमनपायी ती झुरत होती त्याला फोन लावायला लावला आणि मनसोक्त शिव्या देववल्या. (आपल्या मंडळात शिव्यांना मनाई आहे, पण तो प्रसंग पाहून मला बरे वाटले हे मी लपवीत नाही.)

तेव्हा माझे मत ‘लाघवी’ या बाजूला. ज्यांचे मत दुसरे आहे त्यांचाही मान आहे, कारण त्या आईच्या बाजूने बोलतात. पण त्या आयांना, आणि मीही एक आईच आहे, म्हणून आपणा सर्वांना माझी एक विनंती आहे. आपण मुलींना सांगतो, “असे केलेस तर या घराचे दार तुला बंद.” आपण ते रागात बोलतो आणि रात्री विसरतो. पण मुलगी ते विसरत नाही. संकटात पडली की तिला पहिले तेच वाक्य आठवते, आणि ती सिमल्याला जाऊन बसते. म्हणून आज घरी गेल्यावर, मुलगी दहा वर्षांची असो की तिशीची, तिला जवळ बसवून एवढे सांगा : “चुकलीस तरी ये. हरलीस तरी ये. येता आले नाही तर फोन कर. दार उघडे आहे.” याला खर्च नाही, वर्गणी नाही.

आणि संध्याकाळी भाजी टाकताना एक दिवस स्वतःच्या आवडीची टाका. घरचे खातील. मी करून पाहिले आहे. माझी आवडती भाजी अळूची. घरात कुणाला फारशी आवडत नाही, पण पहिल्या दिवशी कुरकुरले ते दुसऱ्या दिवशी ताट पुसून उठले.

 आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपली भांडणेही अशीच गोडीची होवोत, एवढे बोलून मी आपली रजा घेते.