गाडी भाड्याची, कारागिरी कोणाची?



१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी महामंडळाची पहिली विजेची बस, ‘शिवाई’, धावली तीही याच मार्गावर. तिचे स्वागतच केले पाहिजे.

प्रश्न आहे तो मालकीचा. २०२३ साली महामंडळाने ५,१५० विजेच्या बसगाड्यांचा करार केला, तो खरेदीचा नव्हे, भाडेतत्त्वाचा. अशा व्यवस्थेत गाडी, चालक व देखभाल कंत्राटदाराची. महामंडळाने किलोमीटरमागे पैसे मोजायचे. विजेच्या गाडीत सर्वांत महाग भाग बॅटरी. तिचा धोका कंत्राटदाराच्या माथी राहतो, ही जमेची बाजू नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तारकपूरच्या आगारात डिझेल इंजिन खोलून शहाणा झालेला कामगार बॅटरीला हात न लावताच निवृत्त होणार असेल, तर कराराची मुदत संपताना महामंडळापाशी ना गाडी उरेल, ना ती दुरुस्त करणारे हात. मग पुढचा दर ठरविणार कोण?

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: गाड्या भाड्याने घ्यायच्याच असतील, तर एसटी कामगारांना त्यांच्या देखभालीचे प्रशिक्षण देण्याची अट करारातच घाला.