पुढची नंबर प्लेट
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की मुदत ठेवी आणि नॉमिनेशनवर बोलणार, असं सगळे धरून चालतात. नॉमिनेशन तुम्ही भराच, पण आज मला बी विंगमधल्या त्या लाल, बिनटपाच्या गाडीच्या पुढच्या नंबर प्लेटवर बोलायचं आहे.

गाडी तुम्ही सर्वांनी पाहिली आहे. मुलं तिला 'रेसची गाडी' म्हणतात. ती परदेशातून आलेली नाही, आपल्याच रायगड जिल्ह्यातली आहे. अलिबागला चिंकारा मोटर्स नावाच्या छोट्या कारखान्यात 'रोडस्टर' बनायची. बॉडी फायबरची, इंजिन १.८ लिटरचं इसुझू, म्हणजे कॉन्टेसा आणि अँबॅसडरमध्ये बसायचं तेच. आकार मात्र इंग्लंडच्या लोटस सेव्हनचा. ती सेव्हन कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली आणली. तिकडे तेव्हा तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोक सुटे भाग घरी नेऊन गॅरेजमध्ये गाडी जोडत. कर वाचवायला माणूस काय काय करतो, ते मी बँकेत भरपूर पाहिलं आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही.

अशा गाडीचं नाक लांब, निमुळतं आणि पुढे रेडिएटरसाठी तोंड. प्लेट लावायला सपाट जागाच नाही. आपल्या तरुण मित्राने गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा मागे प्लेट होती, पुढे नव्हती. "काका, नाकावर पाटी लावली की गाडीची शोभा जाते," असं त्याचं म्हणणं. मी दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

पुढे काय झालं ते बहुतेकांना माहीत आहे. आपल्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशींना पहाटे गेटजवळच्या वळणावर एका गाडीने उडवलं. मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. आपला कॅमेरा समोरून येणारी गाडी टिपतो. चित्र स्वच्छ आलं होतं, पण त्या गाडीला पुढे प्लेटच नव्हती. रंग कळला, नंबर नाही.

आता इथे जरा हिशेब सांगतो, तो घरी कामाला येणाऱ्या माणसांनाही सांगा. गाडीचा नंबर कळला की तिचा विमा कळतो आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता येतं. तिथे उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व, सगळं मागता येतं. नंबर कळलाच नाही तर उरते 'हिट अँड रन'ची सरकारी योजना. १ एप्रिल २०२२ पासून त्यात मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये मिळतात. त्याआधी २५,००० आणि १२,५०० होते. मावशींचा अर्ज मी भरून दिला. एफआयआर, दवाखान्याची बिलं, पासबुक असं सगळं जोडलं. पैसे खात्यात आले. पण हाडात घातलेल्या सळईचं बिलच त्याहून जास्त होतं, आणि पाच महिने त्यांना कामावर येता आलं नाही.

ते बिल पाहून आपला तरुण मित्र त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. "काका, पाटी लावू या. कुठे लावायची ते तुम्ही बघा."

त्याची गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची, म्हणजे हाय सिक्युरिटी प्लेट बसवणं आलंच. चारचाकीला ७४५ रुपये आणि वर जीएसटी. ऑनलाइन नोंदणीआधी चासी नंबर आरसीशी ताडून घेतला. कर्जाच्या गाड्या तपासताना आम्ही नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच केलं. माप दोन प्रकारचं असतं, ५०० बाय १२० मिलिमीटर किंवा ३४० बाय २००. नातवाच्या वहीच्या खोक्याचे दोन्ही मापांचे पुठ्ठे कापले आणि गाडीसमोर जमिनीवर बसून लावून पाहिले. (उठताना दोघांनी हात दिला.) चौकोनी पुठ्ठा तोंडाखाली धरला तर आपल्या सेक्टरच्या स्पीडब्रेकरला घासणार. तोंडावर धरला तर हवा अडणार, आणि मे महिन्यात गव्हाण फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापणार. लांबट पुठ्ठा तोंडाच्या खाली बरोबर बसला.

फायबरला थेट भोक पाडायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. ड्रिलने वरचा थर तडकतो आणि हादऱ्याने चीर वाढत जाते. फॅब्रिकेटरकडून अॅल्युमिनियमची पट्टी वाकवून घेतली, ती चासीच्या पाइपाला क्लॅम्पने कसली, मध्ये रबर घातलं. प्लेट त्या पट्टीवर. प्लेट बसवणारा मुलगा ड्रिल घेऊन नाकाकडेच निघाला होता, त्याला पट्टी दाखवली. तिचे स्नॅप लॉक एकदाच लागतात, काढायचे म्हणजे तोडावेच लागतात. म्हणून पुठ्ठ्याचा खटाटोप आधी. प्लेट बसल्यावर दोघे अटल सेतूवरून शिवडीपर्यंत जाऊन आलो. तापमानाचा काटा मधेच राहिला, माझी टोपी मात्र समुद्रात गेली.

शोभेचं म्हणाल तर मला गाडी आधीइतकीच छान दिसते. त्याच्या आईला जास्त छान दिसते.

स्कूटरवाल्यांनाही एक सांगतो. ४१४१ चं 'दादा' आणि ८०५५ चं 'बॉस' करणाऱ्या प्लेटा आपल्या पार्किंगमध्ये अजून तीन आहेत. कोणाच्या, ते वॉचमनला माहीत आहे आणि मलाही. नंबर तुमचाच राहील, फक्त तो वाचता आला पाहिजे.

कमिटीने आता ठरवलं आहे की पुढे-मागे दोन्ही प्लेटा नीट असल्याशिवाय पार्किंगचा स्टिकर मिळणार नाही. कॅमेराही दुसरा बसतो आहे, बाहेर जाणाऱ्या गाडीची मागची बाजू दिसेल असा. मावशी सोमवारपासून परत येत आहेत, सध्या फक्त ए विंगचा तळमजला. जिने त्यांना सांगू नका.

दोन्ही पुठ्ठे मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवले आहेत. कोणाला माप घ्यायचं असेल तर न्यावेत आणि परत आणून द्यावेत.