खोपोली लोकलचं शेवटचं स्टेशन

हेडफोन लावलेत ना? आज मी होई आनबद्दल बोलणार होतो, पण बोलता बोलता खोपोलीला जाऊन पोचणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

होई आन म्हणजे मध्य व्हिएतनाममधलं, थू बोन नदीच्या काठचं जुनं बंदर. ऑफिसातले आम्ही पाच जण गेलो होतो. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथे जपानी आणि चिनी व्यापारी जहाजं घेऊन यायचे. पुढे नदी गाळाने भरत गेली, व्यापार शेजारच्या दा नांगला गेला आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणूनच जुनी घरं वाचली. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आता तिथे रात्री कंदील, नदीत होड्या, जाड नूडल्स, आणि मुख्य म्हणजे शिंपी. गल्लोगल्ली शिंपी! आज माप द्या, उद्या कपडे घ्या. मी पण एक शर्ट शिवून घेतला आणि लगेच स्टोरी टाकली.

घरी आल्यावर आईने तो शर्ट बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो उलटा केला. शिवण बघितली, कॉलर दोन बोटांत दाबून बघितली. म्हणाले, "काम चांगलंय. बगलेत जरा घाई केलीय." बस, एवढंच.

माझे बाबा खोपोलीत शिंपी आहेत. बाजारात छोटं दुकान आहे. त्यांच्याकडून मी शेवटचा शर्ट शिवून घेतला तो लोणेऱ्याला बीटेकला जाताना. त्यानंतर सगळं ऑनलाइन. त्यांनी कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. वर ट्रिपमध्ये एका मित्राने विचारलं होतं, "तुझं गाव कसंय रे?" तर मी म्हटलं, "काही नाही, एक्स्प्रेसवेने जाताना बाजूला राहतं."

खरं तर खोपोलीची गोष्ट होई आनसारखीच आहे. १८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटाखाली थांबली. पुण्याला जाणाऱ्याने इथे उतरायचं, पालखीत, घोड्यावर नाहीतर बैलगाडीत बसून बोरघाट चढायचा. १८५८ला खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, मग वर जाऊन पुन्हा गाडीत बसायचं. म्हणजे मुंबई-पुणे करणारा प्रत्येक प्रवासी आमच्या गावात पाय ठेवायचा. १८६३ला घाटातली रेल्वे सुरू झाली, ती पळसदरीहून वर गेली, आणि खोपोली फाट्यावर राहिली. नंतर एक्स्प्रेसवे आला, तोही बाजाराच्या बाहेरून. फरक एवढाच की आमच्याकडे जुनी घरं पाडायला कुणी मागेपुढे पाहिलं नाही. त्यामुळे कंदिलांची गल्ली शोधत येऊ नका.

मग काय करायचं? गेल्या महिन्यात त्याच मित्रांपैकी दोघांना घेऊन आलो, तसं सांगतो.

मुंबईहून थेट खोपोली लोकल मिळाली तर उत्तम, नाहीतर कर्जतला बदला. कर्जतला भूक लागतेच. मुंबईहून पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायला मागून जादा इंजिनं इथेच जोडतात, म्हणून गाडी थांबते, आणि गाडी थांबते म्हणून दिवाडकरांचा वडा प्रसिद्ध झाला. माझं स्पष्ट मत, एकच खा. पुढे जेवायचंय.

खोपोलीत आधी विरेश्वराचं देऊळ आणि त्याचा तलाव बघा. दोन्ही नाना फडणवीसांनी बांधलेली. सकाळी जा, फोन खिशात ठेवून पाच मिनिटं नुसते बसा. मग पाताळगंगा. ही नदी भर मे महिन्यातही वाहते, कारण लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली येतं, टाटांच्या वीज केंद्रातली टर्बाइन फिरवतं आणि मग नदीत सुटतं. हे केंद्र १९१५ पासूनचं. मी इंजिनिअर असून मित्राने विचारेपर्यंत हे नीट समजून घेतलं नव्हतं. शाळेत असताना आमच्यासाठी ते नुसते "टाटाचे पाइप" होते.

खायचं म्हणाल तर महिना बघून या. पावसाच्या तोंडावर आलात तर शेवळं मिळतील. कातकरी आणि ठाकर बायका जुड्या घेऊन रस्त्याकडेला बसतात. शेवळं खाजरी, म्हणून सोबत काकडं घ्यायची. ती आंबट फळं घातली नाहीत तर घशाला खाज सुटते. कशी करायची ते त्याच मावशींना विचारा, आणि कृपा करून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. पहाटे जंगलात जाऊन आणलेली भाजी असते ती. थंडीत आलात तर पोपटी: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, आवडत असेल तर अंडी किंवा चिकन, मडकं उपडं करून भोवती जाळ. घरी न्यायला कडवे वाल घ्या.

राहायला फार्महाउस भरपूर आहेत. पण लोक मुंबईहून कांदे-बटाट्यांपासून सगळं गाडीत भरून आणतात आणि दोन दिवसांनी बाजार न बघता परत जातात. त्यापेक्षा गावातल्या साध्या लॉजमध्ये राहा किंवा घरगुती जेवण देणारं ठिकाण शोधा. आणि पावसाळ्यात धबधब्यावर जाण्याआधी गावातल्या माणसाला विचारा; तो नको म्हणाला तर नकोच. २०२३च्या जुलैमध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी आमच्याच खालापूर तालुक्यातली. इथला पाऊस रीलमध्ये दिसतो तेवढा गोड नाही.

शेवटी दोघांना बाबांच्या दुकानात नेलं. बाबांनी टेप काढली, मापं वहीत लिहिली आणि म्हणाले, "आठ दिवस लागतील."

मित्र म्हणाला, "काका, तिकडे एका रात्रीत दिला होता."

"तिकडे दहा जण शिवत असतील. इथं मी एकटाय."

दोघांनीही कापड तिथल्याच बाजारातून घेतलं. मी निघताना बाबा म्हणाले, "थांब, तुझंही माप घेतो. जुनं चालणार नाही, पोट सुटलंय तुझं." मित्र हसले. मी हात वर करून उभा राहिलो. वहीत माझं नाव होतं, लोणेऱ्याच्या वेळचं. बाबांनी ते माप खोडलं नाही, खाली नवीन लिहिलं.

शर्ट शनिवारी मिळणार आहे. संध्याकाळच्या लोकलने जातोय.