चोवीस तासांचा पहारा

(कोजागरीनिमित्त मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोजागरीच्या रात्री जागरणावर बोलावे, हे ओघानेच आले. परंतु माझे आजचे जागरण मोटारींच्या शर्यतीचे आहे, आणि त्या मोटारीही खऱ्या नव्हेत. ज्याने उभ्या हयातीत स्कूटरपलीकडे वाहन हाकले नाही आणि केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात इतरांच्या बेरजा तपासण्यात केस पिकवले, त्याने या विषयाला हात घालावा हे धाडसच. कार्यवाहांनी विषय ऐकून दोनदा विचारले, "नक्की ना?" मी नक्की म्हणालो, कारण या विषयात माझे एक जुने देणे आहे.

फ्रान्समध्ये ल माँ नावाचे शहर आहे. तेथे १९२३ सालापासून चोवीस तासांची मोटारशर्यत भरते. मार्ग सुमारे साडेतेरा किलोमीटरचा. त्यातला बराचसा भाग एरवी रहदारीचा रस्ता. शनिवारी दुपारी निघालेल्या गाड्या रविवारी दुपारपर्यंत त्याच मार्गावर फिरत राहतात आणि त्या अवधीत जी सर्वांत अधिक अंतर कापील ती विजयी ठरते. सर्वांत वेगवान गाडीच जिंकते असे नाही. पुष्कळदा ती पहाटे तीन वाजता धूर ओकीत कडेला उभी असते. एका गाडीला हल्ली तीन चालक असतात, ते आळीपाळीने चाकावर बसतात, आणि कोणत्याही सहा तासांत एकाला चार तासांहून अधिक काळ गाडी हाकता येत नाही.

अशा नियमाची गरज १९५२ साली दिसली होती. पिएर लव्हेग नावाच्या फ्रेंच चालकाने त्या वर्षी जोडीदार हजर असूनही चाक सोडले नाही. रात्रभर, सकाळभर तो एकटाच गाडी हाकीत राहिला. कित्येक फेऱ्यांची आघाडी त्याच्यापाशी होती. शर्यत संपायला थोडाच अवधी उरला असताना गाडीचे यंत्र मोडले आणि सारे हातचे गेले. (पन्नास वर्षांत आपल्या कार्यकारी मंडळावर असे कोणी झाले नाही, हे मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. समोर काही मंडळी हसत आहेत, त्यांची नावे मी घेत नाही.)

ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस भुईला टेकू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते; प्रत्येकाचा पहारा ठरलेला असतो. माझे आजोबा गावच्या सप्ताहात उत्तररात्रीचा पहारा मागून घेत, कारण तो कोणाला नको असे. त्यांना गाणे येत नव्हते. वीणा खाली ठेवायची नाही एवढेच त्यांना येत होते.

आपल्या देशातले चालकही ल माँला पोहोचले आहेत. २००९ साली नारायण कार्तिकेयन तेथे गेले, परंतु शर्यतीच्या तोंडावर खांद्याला इजा झाल्याने त्यांना उतरता आले नाही. २०१२ साली करुण चंडोक आपल्या जोडीदारांसह सहावे आले. २०१९ साली आपल्या बंगळूरचेच अर्जुन मैनी तेथे धावले. पण ही झाली खऱ्या गाड्यांची गोष्ट. आमच्या घरात शिरली ती संगणकावरची.

हा खेळ म्हणजे नाण्याच्या यंत्रावरचा पोरखेळ असावा, अशी माझी समजूत होती. तसे नाही. टेबलाला घट्ट आवळलेले चाक असते आणि ते वळणावर हाताला उलट ओढ देते. पायांशी खटके असतात. मार्गाचे चढउतार मोजून घेतलेले असतात. टायर किती तापले, किती झिजले, टाकीत पेट्रोल किती, याचा हिशेब संगणक क्षणोक्षणी ठेवतो. एकाची पाळी संपली की तो गाडी थांब्यावर आणतो, आणि शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या घरात बसलेला जोडीदार तीच गाडी पुढे नेतो. गाडी जशी मिळते तशी घ्यावी लागते. पहिल्याने टायर घासून ठेवले असतील, तर ते दुसऱ्याच्या नशिबी येतात.

२०२० साली महामारीमुळे खरी शर्यत जूनमधून सप्टेंबरात ढकलली गेली, तेव्हा ल माँच्या आयोजकांनी १३ आणि १४ जूनला ती संगणकावर भरवली. पन्नास गाड्या, प्रत्येकीला चार चालक. त्यांत मुरलेले व्यावसायिक होते आणि घरबसल्या शिकलेली पोरेही होती. जिंकणाऱ्या गाडीने ३७१ फेऱ्या केल्या, म्हणजे पाच हजारांवर किलोमीटर, आणि तिचे चारही चालक खुर्चीवरून हलले नव्हते. माझा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीच्या वर्गात होता. ती शर्यत त्याने जेवणाच्या ताटावर बसूनही पाहिली, आणि पुढच्या जानेवारीत आपला एक संघ उभा केला. एक मुलगा पुण्याचा, एक सिंगापूरचा, एक मस्कतचा. चौघेही मराठी, चौघांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते.

हौशी लोकांची चोवीस तासांची स्पर्धा होती. शनिवारी संध्याकाळी सुरू झाली. रात्री दोनच्या सुमारास भिंतीपलीकडून खटक्यांचा आवाज येत होता. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आदल्या आठवड्यातच तक्रार केली होती, सोमवारी मुलाची परीक्षा होती, आणि माझे डोके दुखत होते. तिन्ही कारणे खरी आहेत आणि तिन्ही अपुरी आहेत. मी उठलो आणि दिवाणखान्यातील इंटरनेटची पेटी बंद केली.

आवाज थांबला. मला वाटले, आता हा बाहेर येईल, आरडाओरडा करील. मी उत्तरे जुळवून ठेवली होती. तो बाहेर आला, पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि परत गेला. मग फोनवर त्याचे बोलणे ऐकू आले. चालक चाकावर असताना जोडणी तुटली तर गाडी बाद, असा त्या स्पर्धेचा नियम होता. मस्कतचा मुलगा दोन तास झोपून आपल्या पाळीसाठी उठून बसला होता. त्याला माझा मुलगा सांगत होता, "सॉरी रे. आमच्या इथला करंट गेला."

बंधुभगिनींनो, त्या रात्री मल्लेश्वरमचा करंट गेला नव्हता. मुलाने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, आईलासुद्धा नाही, आणि माझ्याकडेही तिचा उच्चार केला नाही. रागावला असता तर मी वडील म्हणून काही बोललो असतो. त्याने मला बोलायला जागाच ठेवली नाही. हे भाषण स्मरणिकेत छापायचे ठरले आहे, तेव्हा तिची एकेक प्रत पुण्याला, सिंगापूरला आणि मस्कतला जाईल अशी व्यवस्था मी केली आहे.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये ल माँच्या त्याच संगणकीय शर्यतीत जगज्जेता मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर असताना त्याची जोडणी तुटली आणि तो जाहीरपणे संतापला. वर्तमानपत्रात ते वाचून मी चहा अर्धा टाकून उठलो. त्याआधीच्याच महिन्यात, डिसेंबर २०२२ मध्ये, भारत सरकारच्या कार्यविभाजन नियमांत दुरुस्ती होऊन हा खेळ क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आला होता. सरकारी माणसाला राजपत्रात आल्याशिवाय गोष्ट पटत नाही, हा आमचा जुना दोष. पण या बाबतीत मला राजपत्राची वाट पाहावी लागली नाही.

कारण २०२२ च्या जानेवारीत चौघे पुन्हा उतरले होते. त्याआधी मी इन्व्हर्टर बसवून घेतला आणि मुलाच्या खोलीत जाऊन विचारले, "मला काही करता येईल का?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, पेट्रोलचा हिशेब ठेवाल?"

हे मात्र माझ्या खात्यातले काम होते. टाकी पंचाहत्तर लिटरची. फेरीला साडेसहा लिटर लागते. अकरा फेऱ्या होतात, साडेतीन लिटर उरते आणि बाराव्या फेरीला तीन लिटर कमी पडते. वळणाच्या थोडे आधीच पाय उचलून चालकाने दर फेरीला पाव लिटर वाचवले, तर बारावी फेरी नेमकी बसते, पण टाकी कोरडी होते. चोवीस तासांत सुमारे ३८० फेऱ्या धरल्या, तर या पाव लिटराने तीन थांबे वाचतात. मी चौघांचे चार रकाने आखले. सिंगापूरचा मुलगा वेगवान, पण उधळ्या, मस्कतचा चिक्कू. पुण्याचा मुलगा प्रत्येक पाळीनंतर, "काका, माझे किती आले?" असे विचारी. कार्यालयात माझ्या हिशेबाची एवढ्या आतुरतेने कोणी वाट पाहिलेली मला आठवत नाही.

पहाटे साडेतीननंतर करंट खरोखरच गेला. पंखा थांबला, रस्त्यावरचे दिवे मालवले. इन्व्हर्टरवर संगणक आणि पेटी तेवढी चालू राहिली. अंधारात त्या पडद्याच्या उजेडात मुलाचा चेहरा दिसत होता. अकरावी फेरी संपत आली. कानावरचे यंत्र बाजूला सारून, पडद्यावरची नजर न काढता त्याने विचारले, "बाबा, बारावी बसेल?"

मी कागद पडद्याजवळ धरून पुन्हा एकदा बेरीज केली. म्हणालो, "नाही बसणार. आत घे."

त्याने गाडी आत घेतली. मस्कतच्या मुलाने चाक हाती घेतले आणि मुलगा खुर्चीतून उठला, तेव्हा खाली दूधवाल्याच्या सायकलीची घंटा वाजत होती.