पत्त्याच्या ओळी

(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



अनारशांवर बोल म्हणाला असतात तर मी चटकन उभी राहिले असते. पण चिटणीसबाईंची आज्ञा झाली की, यंदा निमंत्रणांवरचे पत्ते नीट कसे छापले ते सांग. तेव्हा आज संगणकावर बोलते. सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी आपण ६२ निमंत्रणे टपालाने धाडली. त्यांतली ९ परत आली. आपल्या अगदी पहिल्या सभासदांपैकी एक मावशी आता नाशिकला मुलाकडे असतात, त्यांचेही परत आले. उत्सव झाल्यावर त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं, मला मंडळातून काढलंत का?" मला उत्तर सुचेना. दोष टपालाचा नव्हता, माझा होता. पत्त्यांच्या चिठ्ठ्या मीच केल्या होत्या.

आपली यादी एक्सेलमध्ये आहे. नाव एका रकान्यात, मग घर, रस्ता, गाव आणि शेवटी पिनकोड. हे पाचही जोडून एका चौकटीत आणायचे. मधे 'अँड'चे चिन्ह घातले की मजकूर जोडला जातो, एवढे मला ठाऊक होते. मी जोडला. तो सगळा एका ओळीत आगगाडीसारखा उभा राहिला, आणि शेजारच्या चौकटीत दुसऱ्या बाईंचा पत्ता असल्यामुळे छापताना मधेच कापला गेला. गावातली पत्रे पोस्टमनच्या ओळखीने पोचली. परगावची फिरून आली. पिनकोडची सोय १९७२ साली झाली, आणि ती करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे मोठे पंडित. मी नेमका त्यांचाच आकडा कापला!

हाताने लिहिताना ओळ मोडायची तर आल्ट दाबून एंटर मारतात. पण ते ६२ वेळा कोण करणार, आणि पत्ता बदलला की पुन्हा तेच. सूत्रासाठी निराळा शब्द आहे. पुतणीने फोनवरून "चार दहा" असे सांगितले. मी वहीत ४ आणि १० लिहून घेतले आणि संध्याकाळभर आकडेमोड करीत बसले! तिचे 'चार' म्हणजे सी-एच-ए-आर, कॅरॅक्टर या शब्दाचे अर्धुक. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. मोठ्या 'ए'चा ६५. १० हा क्रमांक मात्र दिसणाऱ्या अक्षराचा नाही, 'खालच्या ओळीवर जा' या हुकुमाचा आहे. टेलिप्रिंटरवर कागद एक ओळ सरकवायला हाच हुकूम असे.

तेव्हा सूत्र असे झाले: =ए२&चार(१०)&बी२&चार(१०)&सी२, आणि पुढे तसेच. अक्षरे व आकडे इंग्रजीच टंकायचे. फळ्यावर तसे लिहून ठेवले आहे.

एवढे करूनही पत्ता एका ओळीतच! मी दोनदा सूत्र पुसून पुन्हा लिहिले. सूत्र बरोबर होते. ओळ मोडलेली असते, पण 'होम'च्या पट्टीवरचे 'रॅप टेक्स्ट' दाबल्याशिवाय ती दिसत नाही. हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून तुम्हांला मुद्दाम सांगते. ते दाबले आणि पाच ओळी एकाखाली एक उतरल्या. चौकट बुटकी राहिली तर तिची उंची वाढवावी, नाहीतर खालच्या ओळी झाकल्या जातात.

आणखी एक खोच राहिली. सगळ्यांच्या घराला नाव नसते. तिथे मधेच रिकामी ओळ पडू लागली, आणि पत्ता दात पडल्यासारखा दिसे. एक्सेल २०१९ किंवा त्यापुढचे असेल तर टेक्स्टजॉइन वापरावे: =टेक्स्टजॉइन(चार(१०),ट्रू,ए२:ई२). त्यातल्या 'ट्रू'ने रिकामे रकाने गाळले जातात. हे मला कळले तेव्हा निम्म्या चिठ्ठ्या छापून झाल्या होत्या, म्हणून यंदा काहींच्या पत्त्यात फट दिसली असेल. त्यांनी क्षमा करावी.

यंदा तीनच पत्रे परत आली, तीही बिऱ्हाड बदललेल्यांची. नाशिकचे पोचले. मावशींना प्रवास झेपला नाही, पण त्यांनी पाठविलेले लाडू आत ठेवले आहेत. ज्यांचे घर बदलले आहे त्यांनी जाण्यापूर्वी दाराजवळच्या वहीत नवा पत्ता लिहावा, आणि पिनकोड विसरू नये.