खेळातील यश आणि शील
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आज आपण विजयी खेळाडूंस पारितोषिके दिली, हे योग्यच झाले. परंतु हरलेल्या मुलांचा विचार कोणी करावयाचा?

आपल्या विट्यापासून जवळच, कऱ्हाडनजीकच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्या वेळी पदक कोठे होते? शिष्यावर विश्वास तेवढा होता. खाशाबांनी कांस्यपदक आणिले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्यांची मैदाने भरवून त्यांनी गुरूंचे ऋण फेडले. मला ही फेड पदकाहून मोठी वाटते.

याउलट, माझी एक कबुली. मी शिक्षक असताना शाळेच्या कबड्डी संघात वय चोरून एक मुलगा खेळविला गेला. मला ठाऊक होते. मी मौन धरिले. ढाल मिळाली. परंतु पुढे सत्याचा धडा शिकविताना त्या मुलांकडे पाहण्याचे धैर्य मला होत नसे.

म्हणून विनंती अशी की, पंचांच्या नजरेतून सुटलेली आपली चूक जो खेळाडू स्वतः होऊन सांगेल, त्यास मंडळाने दरवर्षी एक पारितोषिक द्यावे; मग तो सामना हरलेला का असेना. पहिल्या वर्षाची रक्कम मी देतो.